मँचेस्टरचा समुद्र

आमच्या शहापूरच्या घरात देवघरात एक लक्ष्मी होती. कमळावर उभी, दोन्ही बाजूंना सोंडा उंचावलेले हत्ती, भोवती सोनेरी वेलबुट्टी. कागद जाड, रंग असे पक्के की समईच्या काजळीने वरचा भाग काळवंडला तरी साडीचा लाल रंग हटला नव्हता. आजी तिला रोज हळदकुंकू वाही. मी पाचवीत गेलो तेव्हा शाळेत इंग्रजी सुरू झाले आणि दिसेल तिथली अक्षरे लावून वाचण्याचे वेड लागले. एका सकाळी लक्ष्मीच्या पायाखालची बारीक इंग्रजी अक्षरे मी जुळवली. पहिला शब्द एवढा लांब होता की तीनदा प्रयत्न करावा लागला. ‘मँचेस्टर’ असे तिथे छापलेले होते.

ती लक्ष्मी म्हणजे विलायती सुताच्या गठ्ठ्यावर चिकटवलेले तिकीट होते. लँकेशायरचे व्यापारी हिंदुस्थानात पाठवायच्या कापडावर आणि सुतावर अशी रंगीत तिकिटे लावीत. लक्ष्मी, कृष्ण, गणपती, हत्ती, मोर, ज्या बाजारात जे चालेल ते. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाने चित्रावरून माल ओळखावा, हा हेतू. आमच्या पणजोबांनी ते गठ्ठ्यावरून अलगद सोडवून देवघरात लावले होते. मी मोठ्या शौर्याने आजीला सांगितले की तुझी लक्ष्मी इंग्रजांची आहे. ती निरांजनाची वात सारखी करत म्हणाली, “असू दे. आली ना घरी?” आजीचे आणखी एक मत होते. मांजरपाट हा शब्द ‘मांजेष्टर’वरूनच आला, असे ती छातीठोकपणे सांगे. शब्दकोशवाल्यांशी तिचे काही देणेघेणे नव्हते.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो. तीस वर्षे ‘मँचेस्टरच्या स्वस्त कापडाने हिंदी विणकर देशोधडीला लागला’ हे वाक्य फळ्यावर लिहीत आलो, मुलेही उत्तरपत्रिकेत तेच लिहून दोन गुण घेत आली. ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे असे फार वाटे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो योग आला. माझी लेक आणि जावई वॉरिंग्टनला राहतात. हे गाव मँचेस्टर आणि लिव्हरपूल यांच्या साधारण मध्यावर आहे. त्यांच्या घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर स्टॉकटन हीथ नावाचा भाग लागतो, आणि तिथे रस्त्यात आडवा येतो मँचेस्टरचा जहाज कालवा.

कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर घटप्रभेचा कालवा येतो, उसाला पाणी देणारा. हा तसला नव्हे. यातून समुद्रावरची जहाजे आत जमिनीवर येतात. लांबी ३६ मैल, म्हणजे सुमारे ५८ किलोमीटर. रस्ता कालव्यावरून जातो तो फिरत्या पुलावरून. जहाज येणार असले की दिवे लागतात, फाटक पडते आणि अख्खा लोखंडी पूल पाण्याच्या दाबाच्या यंत्रावर हळूहळू फिरून काठाला समांतर होतो. १८९० च्या दशकात बसवलेले हे पूल अजून चालतात. जावई म्हणाले, “बाबा, पूल फिरला की आम्हाला ऑफिसला उशीर होतो, तेवढाच आमचा त्याच्याशी संबंध.” आपल्याकडे रेल्वे फाटकात अडकल्यावर जी मनःस्थिती होते तीच तिथली.

मी मात्र रोज सकाळी जाऊन काठावरच्या बाकावर बसू लागलो. आता वॉरिंग्टनच्या वर जहाजे क्वचितच येतात. बरीचशी रहदारी खालच्या अंगाला, समुद्राकडे असते. पहिला आठवडा पाण्यावर बदकांखेरीज काही दिसले नाही. लेक म्हणे, “बाबा, तुम्ही इंग्लंडला येऊन काय पाहिलं असं कोणी विचारलं तर काय सांगणार? बदकं?”

नवव्या की दहाव्या दिवशी फाटक पडले. गाड्यांनी एंजिने बंद केली. पूल फिरला. आणि मग समोरच्या घरांच्या कौलांमागून एक पांढरी केबिन सरकत येताना दिसली. घरांच्या ओळीमागून जहाज येणे हे दृश्य मनाला पटायला वेळ लागतो. समुद्रावर जहाज लहान दिसते, कारण भोवती समुद्र असतो. इथे भोवती परसातल्या वेली, वाळत घातलेले कपडे आणि एक सायकलवाला होता. ते तसे लहानच मालवाहू जहाज होते, पण दोन्ही काठांमध्ये चिमटल्यासारखे भासले. मोठा आवाज नाही. पाणी काठावरून आधी ओसरले आणि जहाज गेल्यावर चढून आले. डेकवरच्या एका खलाशाने हात केला, मीही केला. चार-पाच मिनिटांत सारे आटोपले. पूल जागेवर आला, गाड्या सुरू झाल्या, कोणी मागे वळून पाहिले नाही.

बाकावर माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते. तेही रोज येत, पण इंग्रज माणूस ओळख करून घेण्याची घाई करत नाही. त्या दिवशी मात्र ते आपण होऊन बोलले. तरुणपणी ते सॅलफर्डच्या गोदीत हमाल होते. त्यांच्या तरुणपणी जहाजे मोजायला बसले तर दिवस पुरत नसे. आज एक दिसले म्हणून मी खूश झालेला पाहून त्यांना थोडे हसू आले असावे.

एवढे मोठे खटाटोप मँचेस्टरने का केले, हे आधी सांगायला हवे. मँचेस्टर समुद्रापासून दूर. त्याचे बंदर लिव्हरपूल, तीस-पस्तीस मैलांवर. कापूस अमेरिकेहून लिव्हरपूलला उतरे, रेल्वेने मँचेस्टरभोवतीच्या गिरण्यांत जाई, आणि त्याचे कापड होऊन त्याच वाटेने परत जगभर जाई. दोन्ही खेपांना लिव्हरपूलच्या गोदीचा कर आणि रेल्वेचे भाडे. १८७० नंतर व्यापार मंदावला तेव्हा हा भार असह्य झाला. देशाच्या पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या हल बंदरातून माल आणणे अनेकदा लिव्हरपूलपेक्षा स्वस्त पडे. घाटाखाली बंदर आणि घाटावर बाजारपेठ असलेल्या आपल्या मुलखातल्या माणसाला हे दुखणे चटकन कळेल. दलाली मध्येच खाल्ली जाते.

डॅनियल ॲडमसन हा या कालव्याचा खरा कर्ता. माणूस बॉयलर बनवणारा कारखानदार. २७ जून १८८२ रोजी त्याने डिड्सबरीच्या आपल्या घरी आसपासच्या गावांचे महापौर, व्यापारी आणि दोन इंजिनिअर बोलावले. समुद्र गावापर्यंत आणायचा, असा विषय. एका इंजिनिअरचा बेत असा की भरती-ओहोटीचे पाणीच थेट आत घ्यावे. पण मँचेस्टर समुद्रसपाटीपासून सुमारे ६० फूट उंच. तसे केले असते तर जहाजे गावात पोचली असती खरी, पण खोल खंदकाच्या तळाशी. दुसरा होता एडवर्ड लीडर विल्यम्स. त्याने सुचवले की जहाजालाच पायऱ्या चढवीत आणावे. त्याचाच आराखडा मान्य झाला. अशा पायरीला लॉक म्हणतात. दोन दारांमधली पाण्याची खोली. जहाज आत आले की मागचे दार लावायचे, वरच्या अंगाचे पाणी सोडायचे, पाणी वर चढते आणि जहाज त्याबरोबर उचलले जाते. मग पुढचे दार उघडायचे. पंप नाही, काही नाही, वरून येणाऱ्या नदीचेच पाणी. ईस्टहॅम, लॅचफर्ड, अर्लम, बार्टन आणि मोड व्हील अशा पाच ठिकाणी ही लॉक आहेत. पहिले समुद्राच्या तोंडाशी, राहिलेल्या चारांनी मिळून साठ फूट चढायचे.

लिव्हरपूल आणि रेल्वे कंपन्या स्वस्थ बसणार नव्हत्या. पार्लमेंटपुढे विधेयक १८८३ मध्ये आले, पडले. १८८४ मध्ये आले, पुन्हा पडले. ६ ऑगस्ट १८८५ रोजी तिसऱ्या खेपेला कायदा झाला, पण अटी जबर घातल्या. ॲडमसनचा आग्रह होता की शेअर सामान्य कामकऱ्यांनीही घ्यावेत, कालवा सगळ्यांचा व्हावा. बड्या भांडवलदारांशी त्याचे जमेना. १८८७ च्या फेब्रुवारीत त्याने अध्यक्षपद सोडले. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला नवे अध्यक्ष लॉर्ड एगर्टन यांनी ईस्टहॅमला पहिले कुदळ मारले. १८९० च्या जानेवारीत ॲडमसन वारला. पाणी भरलेला कालवा त्याने पाहिलाच नाही. ठेकेदार टॉमस वॉकर त्याच्याही आधी, १८८९ च्या नोव्हेंबरात गेला. मग कामात पूर, कोर्टकज्जे, पैशाची ओढाताण. कंपनी बुडायला आली तेव्हा १८९१ मध्ये मँचेस्टरच्या नगरपालिकेने तीस लाख पौंड कर्ज दिले, पुढे आणखी वीस लाख, आणि बदल्यात २१ पैकी ११ संचालक आपले बसवले. एकूण खर्च दीड कोटी पौंडांच्या घरात गेला, मूळ अंदाजाच्या दुपटीहून अधिक. साध्या भागधारकाला पहिला लाभांश मिळाला तो १९१५ मध्ये. घरातले किडूकमिडूक घालून शेअर घेणाऱ्याने एवढी वाट पाहिली असेल का, कोण जाणे.

कामावर सरासरी बारा हजार माणसे, ऐन भरात सतरा हजारांपर्यंत. तासाला साडेचार पेनी, दिवस दहा तासांचा. मातीत वाफेची उत्खनन यंत्रे होती, रूळ होते, एंजिने होती, तरी माणसे चिरडत, बुडत, दरडीखाली सापडत. त्यासाठी रॉबर्ट जोन्स नावाच्या तरुण सर्जनला १८८८ साली नेमले. त्याने कामाच्या पट्ट्यात तीन रुग्णालये आणि ठिकठिकाणी प्रथमोपचाराच्या जागा उभारल्या, जखमी माणूस रुळांवरूनच तिथे पोचवला जाई. अस्थिरोगशास्त्राच्या इतिहासात याला मोठे मानतात. या जोन्सचे नातलग ह्यू ओवेन टॉमस. मांडीचे हाड मोडल्यावर जी लोखंडी सळ्यांची ‘टॉमस स्प्लिंट’ लावतात ती त्यांची. बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलात माझा धाकटा भाऊ तीत दीड महिना जखडून पडला होता. त्यामागे अशी गोष्ट आहे हे मला तेव्हा कोठून ठाऊक?

१ जानेवारी १८९४ रोजी कालवा वाहतुकीला खुला झाला. संचालकांना घेऊन सर्वांत पुढे होती सॅम्युएल प्लॅट यांची नौका ‘नॉर्समन’. प्लॅट म्हणजे ओल्डहॅमचे प्लॅट ब्रदर्स, कताई-विणाईची यंत्रे बनवणारे. मुंबई-अहमदाबादच्या जुन्या गिरणीवाल्यांना हे नाव घरच्यासारखे ठाऊक होते, कारण यंत्रावर तेच कोरलेले असे. गंमत पाहा. ज्यांची यंत्रे आपल्या गिरण्यांत जाऊन मँचेस्टरशी स्पर्धा करणार, तेच मँचेस्टरच्या मिरवणुकीच्या अग्रभागी. व्हिक्टोरिया राणीने २१ मे १८९४ रोजी येऊन रीतसर उद्घाटन केले.

आता आपल्या बाजूने पाहू. मँचेस्टरला आपला मुलूख फार आधीपासून माहीत होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि लाखो मजूर उपाशी पडले. मुंबईत कापसाचे सोने झाले, प्रेमचंद रायचंदांचा सट्टा आणि १८६५ चा दिवाळखोरीचा धडाका आपण शाळेत वाचतो. पण त्याच काळात मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर धारवाडच्या कापसावर होती, हे कमी सांगितले जाते. हा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात जाई, म्हणून बाजारात त्याचे नावच ‘कुमठा’. वाटेत तो मळे, भिजे. मँचेस्टर कॉटन कंपनीने कारवारजवळ सदाशिवगडाला बस्तान बसवायचे ठरवले, यंत्रे पाठवली, सरकारमागे घाटरस्त्याचा आणि बंदराचा लकडा लावला. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला, त्यामागे हे कापसाचे राजकारण होते. सीमा कोणत्या कारणांनी आखल्या जातात याचा हा एक नमुना. अमेरिकेतले युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव कोसळले. त्या कंपनीचे बस्तानही फार काळ टिकले नाही.

याच जागी एक गोष्ट नोंदवली नाही तर अन्याय होईल. त्या उपासमारीच्या दिवसांत, १८६२ च्या शेवटच्या दिवशी, मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. कापूस येत नाही म्हणून आपल्या चुली विझल्या असताना. लिंकनने त्यांना उत्तर लिहिले. मँचेस्टरला लिंकनचा पुतळा आहे तो त्यामुळे. तिथे मी उभा राहिलो तेव्हा माझ्या फळ्यावरच्या वाक्यातले ‘मँचेस्टर’ कोणते, असा प्रश्न पडला.

कालवा झाला तोवर धारवाडच्या कापसाची त्यांना फारशी गरज उरली नव्हती. गरज होती ती गिऱ्हाइकाची. १९१३ साली लँकेशायरमधून सुमारे सातशे कोटी यार्ड कापड परदेशी गेले, त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या हिंदुस्थानात. आणि ज्या १८९४ साली त्यांनी समुद्र दारात आणला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात इकडे काय झाले? सरकारला पैशाची चणचण म्हणून विलायती कापडावर पाच टक्के जकात बसली. लँकेशायरने आरडाओरडा केला, तेव्हा बरोबरी व्हावी म्हणून हिंदी गिरण्यांच्या वीस नंबरावरच्या सुतावरही पाच टक्के कर बसवला. १८९६ मध्ये तो बदलून विलायती कापडाला साडेतीन आणि देशी गिरणीच्या कापडालाही साडेतीन टक्के झाला. आपल्याच देशात विणलेल्या कापडावर परक्याच्या सोयीसाठी कर. टिळकांनी त्यावर रान उठवले. तो कर गेला १९२६ साली.

हातमागावर मात्र हा कर नव्हता. म्हणून आमच्या पणजोबांना त्याची झळ थेट लागली असे मी म्हणू शकत नाही. इतिहास शिकवणाऱ्याने निदान घरच्या बाबतीत तरी खोटे बोलू नये. पणजोबा साळी. शहापूर तेव्हा सांगली संस्थानचे, बेळगाव इंग्रजांचे. मध्ये एक रस्ता ओलांडला की राज्य बदले. घरात खड्ड्याचा माग होता, लुगडी विणली जात. बारीक लुगड्याला बारीक सूत लागे आणि ते येई विलायतेहून. म्हणजे ज्या मँचेस्टरने कापड पाठवून विणकर बुडवला, त्याच मँचेस्टरच्या सुतावर आमचा माग चाले. सावकाराकडून सूत उधार घ्यायचे, लुगडे त्यालाच घालायचे, वजाबाकी करून हातात काय उरेल ते. वजाबाकी बहुधा उलटीच होई. विलायती कापडाने मारले, गिरणीच्या कापडाने मारले आणि सावकाराने मारले. यात कोणाचा वाटा किती हे आमच्या आजोबांनाही सांगता येत नसे. ते एवढेच सांगत की वडिलांनी एका दसऱ्याला मागाची पूजा केली आणि दुसऱ्या दसऱ्याआधी खड्डा बुजवला. आजोबा गोकाक फॉल्सच्या सूतगिरणीत कामाला गेले. ती गिरणी १८८५ साली स्थापन झालेली, धबधब्याच्या पाण्यावर चालणारी. विणकराचा मुलगा सूत काढू लागला.

तो बुजवलेला खड्डा मी पाहिला आहे. म्हणजे त्याची जागा. दर पावसाळ्यात सोप्यातली जमीन तेवढ्याच चौकोनात खचे आणि आई मुरूम घालून, चोपून, सारवून घेई. कितीही भरला तरी पुढच्या आषाढात पुन्हा खाली. त्या चौकोनावर चटई टाकून मी मॅट्रिकचा अभ्यास केला.

परत यायच्या आठवड्यात लेकीने आम्हाला कालव्यातून सहलीला नेले. मर्सी नदीवरच्या फेरीबोटी उन्हाळ्यात काही ठरलेल्या दिवशी सॅलफर्डपासून लिव्हरपूलपर्यंत जातात, सहा तासांचा प्रवास. सुरुवात जिथे होते ती मँचेस्टरची जुनी गोदी. नाव मँचेस्टरचे, पण मोठा भाग नदीपलीकडे सॅलफर्डच्या हद्दीत. सॅलफर्डचे लोक अजून याबद्दल कुरकुरतात. सीमाभागातल्या वाचकाला यावर अधिक सांगायला नको. गोदी १९८२ मध्ये बंद पडली. मोठी कंटेनर जहाजे या लॉकमध्ये मावेनात. वरच्या लॉकची रुंदी अवघी ६५ फूट. आता तिथे काचेच्या इमारती, नाट्यगृह, बीबीसीचे स्टुडिओ. जवळच ट्रॅफर्ड पार्क, १८९६ पासून वसलेली औद्योगिक वसाहत, उद्यमबागेसारख्या साऱ्या वसाहतींची पूर्वज म्हणावी अशी.

थोडे पुढे बार्टन येते आणि तिथे मी उभाच राहिलो. जहाज कालव्याच्या आधी, १७६१ मध्ये, इथे ब्रिंडलीने नदीवरून दगडी कमानींवर दुसरा एक कालवा नेला होता, ब्रिजवॉटर कालवा. खाली नदी, वर कालवा. लोक लांबून तो चमत्कार पाहायला येत. जहाजांचा कालवा काढायचा तर ती कमान पाडावी लागणार, कारण उंच जहाज खालून जाणार कसे? आणि वरचा कालवा तोडावा तर त्यावरची वाहतूक बंद. विल्यम्सने काय केले असेल? वरचा कालवा लोखंडी पन्हाळीत घातला आणि ती पन्हाळी पाण्यासकट फिरती केली. जहाज आले की पन्हाळीची दोन्ही टोके दारे लावून बंद करायची, इकडे कालव्याच्या तोंडालाही दारे, आणि मग सुमारे आठशे टन पाणी पोटात घेऊन चौदाशे-साडेचौदाशे टनांचे ते धूड नदीतल्या बेटावर गरकन नव्हे, अगदी सावकाश फिरते. जगात असा फिरता जलसेतू हा एकच. १८९४ पासून चालू आहे. पन्हाळी रिकामी करून फिरवता आली असती की, असे मला आधी वाटले. पण एवढे पाणी प्रत्येक वेळी ओतायचे आणि भरायचे, त्यापेक्षा ते तसेच फिरवणे सोपे. भरलेली घागर डोक्यावर घेऊन वळणारी बाई आठवली. आमची बोट जाताना ती पन्हाळी वळून बाजूला उभी होती आणि पाण्याचा एक थेंबही गळत नव्हता, असे मी म्हणणार होतो. थोडा गळत होता. सव्वाशे वर्षांनंतर तेवढे चालायचेच.

प्रत्येक लॉकला बोट दोन ओल्या भिंतींच्या मध्ये हळूहळू खाली जाई. वॉरिंग्टनला स्टॉकटन हीथचा पूल आमच्यासाठी फिरला. काठावरच्या बाकावर ते गोदीवाले वृद्ध गृहस्थ बसले होते. मी हात केला. त्यांनी काठी उचलली.

त्यांच्याशी पुढे बरेच बोलणे झाले होते. मी हिंदुस्थानातल्या गोव्याजवळच्या गावचा, असे सांगितल्यावर त्यांनी ‘गोवा’ हा शब्द स्वच्छ उच्चारला. जहाजांवर स्वयंपाकघरात आणि खानसामा म्हणून गोव्याची माणसे असत, पातळ कोटात कुडकुडत गोदीवर उतरत, चर्चची वाट विचारत. एकाने त्यांना नाताळात काहीतरी गोड खायला दिले होते, नारळाचे, थरांचे. ते नाव विसरले होते. मी बेबिंका म्हटल्यावर दोनदा म्हणून पाहिले. माझ्या पणजोबांच्या मागाची गोष्ट मी त्यांना सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्यांची आई डार्वेनची, गिरणीत माग चालवणारी. १९३१ च्या सप्टेंबरात गांधी तिकडे आले तेव्हा बायकांच्या गर्दीत तीही होती. बहिष्काराने काम गेले होते, तरी तिने टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या, हे तिने घरी कधी सांगितले नाही. मलाही त्यावर काही बोलता आले नाही. आम्ही दोघे पाण्याकडे पाहत बसलो.

रंकॉर्नच्या पुढे कालवा मर्सीच्या रुंद खाडीला खेटून जातो, मध्ये फक्त एक बांध. इथे जहाजे दिसली, खरीखुरी, मोठी. स्टॅनलोच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला लागलेले टँकर. हा कारखाना २०११ मध्ये शेल कंपनीकडून मुंबईच्या एस्सार समूहाने विकत घेतला. जावयांनी हे सहज सांगितले आणि मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावले. मग ईस्टहॅम, शेवटचे लॉक. दारे उघडली आणि खाडीचा वारा आत आला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. नववीच्या वर्गात मी फळ्यावर कालव्याचे चित्र काढले, पायऱ्या दाखवल्या, साठ फूट लिहिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी इतिहासाच्या तासाला खिडकीबाहेर बघणारा, उठून म्हणाला, “सर, आपल्याकडून वेंगुर्ल्यापर्यंत असा काढला असता तर?” वर्ग हसला. वेंगुर्ला हे एके काळी बेळगावचेच बंदर, छावणीचे सामान तिथूनच येई. मी म्हटले, आपल्याकडे कारवारची रेल्वेसुद्धा मँचेस्टरवाल्यांच्या वेळेपासून मागितली जात होती, ती गेली मुरगावला. हुबळी-अंकोला मार्ग मंजूर होऊन पाव शतक उलटले, गाडी अजून घाट उतरलेली नाही. तू कालव्याचे काय घेऊन बसलास?

पण तो ऐकेना. बेळगाव समुद्रापासून अडीच हजार फूट उंच हे त्याला भूगोलात पाठ होते. चार लॉकना साठ फूट, म्हणजे एकाला पंधरा. त्याने वहीत भागाकार केला, मग शेजाऱ्याकडून तपासून घेतला.

“सर, एकशे सदुसष्ट लॉक लागतील.”

मी तपासले. बरोबर होते. तो अजून उभाच होता.

“आणि सर, एका लॉकला किती वेळ लागतो?”